नट सोडून कोणीही

पाहुणा यायच्या आधीच त्याच्याबद्दल घरात एकमत झालं होतं, आणि या घरात एकमत होणं ही काही चांगली खूण नव्हती. एरवी मासे तळायचे की भाजायचे यावरून आई आणि मावशी जेवणाची वेळ टळेपर्यंत भांडत. त्या रविवारी आईने मुकाट्याने मासे तळले, मावशीने मुकाट्याने बटाटे सोलले, आणि थोरलीने आईचं कापड बेतायचं टेबल मोकळं करून त्यावर धुतलेली चादर घातली. टेबलाच्या एका कडेला ठोकलेली पितळी मोजपट्टी चादरीतून कोपराला टोचायची. पाहुण्याची खुर्ची मुद्दाम तिथेच मांडली.

धाकटी त्याला आणायला बसस्टॉपवर गेली होती. तिच्या मागे दार लागलं आणि तिघींनी तोंड उघडलं.

“नट आहे,” आई म्हणाली. एवढं म्हटलं की तिचं सगळं म्हणून व्हायचं.

या घरातल्या चौघी सिनेमावर जगत होत्या आणि चौघींपैकी एकीलाही नवरा नव्हता. आई कपडेपट सांभाळायची. मावशी डबिंग करायची. पडद्यावर ज्या नायिका रडताना इतक्या गोड वाटत त्यातल्या निम्म्या मावशीच्या गळ्याने रडत. थोरली कंटिन्युइटी बघायची, म्हणजे मागच्या शॉटमध्ये पेला डाव्या हातात होता की उजव्या, हे जगात दुसऱ्या कोणाच्या लक्षात राहिलं नाही तरी तिच्या लक्षात राहायचं. धाकटी संकलक होती. घरात येऊन गेलेल्या पुरुषांची नावं कोणी घेत नसे, त्यांचे धंदे घेत. मावशीचा ध्वनीवाला बारा भानगडी करून गेला. थोरलीचा प्रकाशवाला गेल्या हिवाळ्यात गेला, जाताना तिची चांगली छत्री घेऊन. कोणी काही केलं तरी चालायचं. नियम एकच होता आणि तो आईने घातला होता: नट सोडून कोणीही.

कारण मुलींचे वडील नट होते. निर्मात्याच्या बायकोचे कपडे आई शिवते हे कळल्यावर ते आईच्या प्रेमात पडले, आणि त्या बाईंनी शिंपीण बदलल्यावर प्रेमातून बाहेर आले. मधल्या काळात दोन मुली झाल्या.

“नुसता नट असता तर मी गिळलं असतं,” आई म्हणाली. “पण हा तिच्याच सिनेमातला आहे. ती जो सिनेमा कापतेय त्यातला. एवढ्या बायका आहेत स्टुडिओत, ह्याला नेमकी संकलकच कशी आवडली?”

“काम केवढं आहे त्याचं?” मावशीने विचारलं.

“डॉक्टर,” थोरली म्हणाली. “मी चौकशी केलीय. दवाखान्याच्या दारातून बाहेर येतो, नायकाला सांगतो की तुमचे वडील गेले, आणि परत आत जातो. पण बोलायचं काम आहे ना. इतकी वर्षं हा नुसता मागून ट्रे घेऊन चालत होता.”

“म्हणजे तिने कात्री फिरवली की डॉक्टर मेला.”

“म्हणून तर गोड बोलतोय,” आई म्हणाली. “सिनेमा एकदा पडद्यावर आला, ह्याचं तोंड लोकांना दिसलं, की बघ कसा जातो ते. आणि ही बावळट पुढच्या महिन्यात त्याच्याबरोबर राहायला निघालीय. जागासुद्धा बघून ठेवलीय म्हणे, पडदे काय रंगाचे घेऊ ते मला विचारत होती.”

पडद्यांचं आठवून आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती कांदा चिरत होती, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

थोरलीने बेत सांगितला. पाहुण्याला एकच प्रश्न दोनदा विचारायचा. तुम्ही दोघं भेटलात कसे? एकदा जेवताना सगळ्यांसमोर, आणि एकदा नंतर, तिने एकटीने, दुसऱ्या खोलीत.

“आणि दुसऱ्यांदा वेगळं सांगितलं की पकडला!” मावशी म्हणाली.

“उलट. वेगळं सांगितलं तर खरा. आपण खरं घडलेलं सांगतो ना मावशी, ते दर वेळी थोडं हलतं. काहीतरी विसरतो, काहीतरी नवीन आठवतं. नट तसं करत नाही. तो ज्या शब्दाला पेला उचलतो त्याच शब्दाला परत उचलतो. त्याचेच पैसे मिळतात त्याला.”

“आणि सारखंच सांगितलं तर?” आईने विचारलं.

“तर पाठ केलंय. आणि पाठ केलंय म्हणजे काहीतरी झाकलंय.”

जिन्यात पावलं वाजली. मावशीने चेहऱ्यावर हसू चढवलं.

*

आईला माणूस खांद्यापासून खाली दिसायचा. चेहरा ती नंतर बघायची, वेळ मिळाला तर. दारात उभा असलेला माणूस उंच होता, थोडा वाकलेला, कमी उंचीच्या चौकटींतून बरीच वर्षं आत-बाहेर केल्यासारखा. पण कोट त्याचा नव्हता. बाह्या सोडवून लांब केल्या होत्या. जुन्या दुमडीची रेघ मनगटाच्या वर दिसत होती. आईने पुढे होऊन कोट मागून घेतला, खुंटीला अडकवायच्या निमित्ताने कॉलर उलटून पाहिली, आणि आत लाल दोऱ्याचे टाके दिसले. असे टाके कपडेपटातली माणसंच घालतात, कोणता कपडा कोणत्या सिनेमाचा ते कळावं म्हणून.

“छान आहे हो कोट,” ती म्हणाली. “कुठून घेतलात?”

“घेतला नाही काकू. कपडेपटातून मागून आणलाय, उद्या परत द्यायचाय. माझा आहे तो घालून आलो असतो तर तुम्ही पहिल्या नजरेतच मला खाली पाठवलं असतं.”

धाकटी हसली. आईला हसू आलं नाही. चोरी पकडायला जावं आणि चोराने आपणहून पिशवी उघडून दाखवावी, तसं तिला झालं. तिने मनात नोंद केली की हा माणूस भलताच तयारीचा आहे.

“बसा,” ती म्हणाली. “इकडे नाही, तिकडे.”

तो मोजपट्टीपाशी बसला.

जेवण सुरू झालं. पाहुणा व्यवस्थित जेवत होता, माशाचे काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत होता, विचारल्याशिवाय बोलत नव्हता. त्याच्या कोपराला दोनदा तरी टोचलं असावं, कारण त्याने हळूच चादर उचलून खाली बघितलं, आणि मग काही न बोलता कोपर आत घेतलं. धाकटी त्याच्या शेजारी बसून फक्त पाणी पीत होती. सकाळपासून तिने नीट खाल्लं नव्हतं हे आईला दिसलं. प्रेमात पडलेली मुलगी जेवत नाही हे आईला माहीत होतं, पण हिच्या तोंडावर प्रेम नव्हतं. ही परीक्षेला बसल्यासारखी दिसत होती.

*

प्रश्न मावशीने विचारला, कारण तिच्या तोंडून तो सगळ्यात निष्पाप वाटला असता.

“बरं, ते काही नाही. तुम्ही भेटलात कसे ते सांगा बाई. मला असल्या गोष्टी फार आवडतात.”

विचारून तिने डोळे मिटले. ऐकायचं असलं की ती नेहमी डोळे मिटायची, आणि लोकांना वाटायचं बाई म्हातारी झाली.

पाहुण्याने ओठ पुसले. “स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये. रांग होती. मी शेवटून दुसरा आणि ही अगदी शेवटची. चहाचा शेवटचा कप माझ्या वाट्याला आला. मागे वळतो तर ही इतक्या रागाने त्या कपाकडे बघत होती की मी तो तिलाच देऊन टाकला. हिने एक घोट घेतला आणि म्हणाली,” इथे तो थांबला, आणि ताटातला चमचा वर गेल्याचा बारीक आवाज मावशीला आला, “‘साखर नाही यात.’ मी म्हटलं, उद्या घेऊन येतो. आणि नेली, खिशातून. खिशाला भोक होतं. ती पोचली तेव्हा चमचाभर उरली होती.”

सगळ्या हसल्या. आईसुद्धा अर्धवट हसली. मावशी तर मनापासून हसली आणि लगेच स्वतःवर चिडली. कारण माणसाने श्वास बरोबर जागी घेतला होता. हशा कुठे पिकणार हे ठाऊक असल्याशिवाय तिथे कोणी श्वास घेत नाही. आपलीच गोष्ट सांगणारा माणूस घाई करतो, अडखळतो, मधेच म्हणतो, नाही नाही, त्याच्या आधी असं झालं. ह्याचं सगळं जिथल्या तिथे होतं. त्यात तिला वाईट एवढंच वाटलं की आवाज चांगला होता. ध्वनीवाल्याचाही आवाज चांगला होता.

तिने डोळे उघडले आणि समोर बसलेल्या थोरलीकडे बघून भुवई उडवली.

*

“तुम्ही पाहुणे, तुम्ही कशाला?” असं तोंडाने म्हणत थोरलीने भांडी पुसायचं फडकं त्याच्या हातात दिलं होतं. स्वयंपाकघर एवढंसं होतं. ती विसळत होती, तो पुसत होता, आणि पुसलेली ताटं कुठे ठेवायची हे न विचारता त्याने ओट्याखालची फळी बरोबर शोधली होती.

खरं सांगायचं तर तिला तो आवडू लागला होता, आणि म्हणूनच ती जास्त सावध झाली होती. प्रकाशवालाही भांडी पुसायचा.

“मघाशी मावशीमुळे मला नीट ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “काय झालं होतं म्हणे कॅन्टीनमध्ये?”

“रांग होती,” तो म्हणाला. “मी शेवटून दुसरा आणि ही अगदी शेवटची. चहाचा शेवटचा कप माझ्या वाट्याला आला. मागे वळतो तर ही इतक्या रागाने त्या कपाकडे बघत होती की मी तो तिलाच देऊन टाकला.”

थोरलीने नळ बंद केला.

“हिने एक घोट घेतला आणि म्हणाली,” तो थांबला. त्याच्या हातात फडकं होतं, चमचा नव्हता. म्हणून त्याचा हात आपोआप विसळणीत गेला, साबणाच्या पाण्यातून एक चमचा बाहेर आला, हवेत उभा राहिला. “‘साखर नाही यात.’”

चमच्यावरून फेस त्याच्या बाहीवर ओघळला. त्याला कळलंही नाही.

थोरलीला वाटलं होतं की पकडल्यावर बरं वाटेल. तिला अजिबात बरं वाटलं नाही. पलीकडच्या खोलीत धाकटी मावशीला पडद्यांच्या कापडाबद्दल काहीतरी विचारत होती. प्रकाशवाल्याच्या वेळी सगळ्यांना सगळं आधी कळलं होतं आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या मनाला लागू नये म्हणून म्हणे. धाकटीच्या बाबतीत तसं व्हायचं नाही, तिने ठरवलं.

“कॉफी घेणार ना?” तिने विचारलं.

*

कॉफी आली तेव्हाच धाकटीला कळलं. ताईने तिच्यापुढे कप ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ताई कोणाच्या खांद्यावर हात वगैरे ठेवणाऱ्यातली नव्हती.

“एक विचारू?” ताई पाहुण्याला म्हणाली. “चमचा कशाला उचललात?”

“कुठला चमचा?”

“‘म्हणाली’ या शब्दाला. जेवताना उचललात, आणि आत भांडी पुसताना हातात नव्हता तर पाण्यातून काढून उचललात. शब्दही तेच. एक इकडचा तिकडे नाही. मी हेच काम करते, माझी चूक व्हायची नाही.”

त्याने धाकटीकडे बघितलं.

“तिच्याकडे काय बघताय?” आई म्हणाली. “तिने नाही विचारलं, आम्ही विचारलं.”

“पाठ केलं होतं,” तो म्हणाला.

“का?”

तो कपाच्या कानाभोवती बोट फिरवत राहिला. मावशी डोळे मिटून बसली होती. आईने मावशीकडे असं बघितलं की सगळं बोलून झालं. धाकटीला दिसत होतं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात, आणि तरीही तो गप्पच बसणार आहे. या तिघी त्याला जिन्यावरून खाली ढकलतील तरी गप्प बसेल.

“गोष्ट माझी आहे,” ती म्हणाली. “मी जुळवली. काल बसून त्याच्याकडून घोकून घेतली.”

“म्हणजे कॅन्टीन खोटं?” मावशीने डोळे उघडले.

“कॅन्टीन खरं. कप खरा, साखर खरी, खिशाचं भोकही खरं. पण ते नंतरचं. पहिल्यांदा भेटला तो कॅन्टीनमध्ये नाही. तेवढं मी काढून टाकलं.”

“मी सांगतो,” तो म्हणाला, आणि या वेळी तो अडखळत बोलला, मागे-पुढे करत, हात कुठे ठेवावेत ते न कळून. “मी हिच्या संकलनाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो होतो. म्हणजे आधी बाहेर, बाकावर… नाही, बाकावर दुसरं कोणीतरी होतं, मी उभाच होतो. ही बाहेर आली. मी म्हटलं, बाई, बाकी काहीही काढा, पण माझा तो एक सीन राहू द्या. ही काहीच बोलली नाही. मग मला फार लाज वाटली. कॅन्टीन त्यानंतरचं, बऱ्याच दिवसांनी.”

“बघ!” आई टेबलावर हात मारून म्हणाली. “बघ, मी सकाळी काय म्हणत होते! सीनसाठीच आला होता!”

“सुरुवातीला हो, काकू. सीनसाठीच.”

“आणि हे तू आमच्यापासून लपवलंस?” ताई धाकटीला म्हणाली. ती दुखावली होती.

“मग काय करू? तुमची तोंडं मला माहीत नाहीत? हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला कोटसुद्धा काढू दिला नसता.”

ते खरंच होतं. आईने तेवढ्यात साखरेचं भांडं पाहुण्यापुढे सरकवलं. बोलून टाकलेलं पाप तिला नेहमीच कमी वाटायचं. एक क्षण असा आला की सगळं तिथेच मिटलं असतं. मावशीने न राहवून विचारलं, अगदी मजेत, “आणि मग? राहिला का सीन?”

“राहिला तर!” त्याचा चेहरा उजळला. “हिने कधीच सांगितलंय. माझी आई पहिल्याच खेळाला सगळ्या बहिणींना घेऊन जाणार आहे. तिने शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलंय. मी म्हटलं, अगं एकच वाक्य आहे, तर म्हणाली, एका वाक्याला एक माणूस मरतो, लहान काम नाही ते.”

मावशी हसली. ताई हसली. धाकटीने कप खाली ठेवला.

“नाहीये,” ती म्हणाली.

“काय नाहीये?” आईने विचारलं.

“सीन. सिनेमात नाहीये.”

त्याचं हसू तसंच राहिलं, जरा जास्त वेळ. “दिग्दर्शकाने काढला?”

“नाही. तो ठेवू म्हणत होता. मी काढला.”

“कधी?”

“तू दारात आलास त्याच आठवड्यात.”

“मी तुला विचारलं होतं,” तो सावकाश म्हणाला. “कॅन्टीनमध्ये. राहिला ना, म्हणून. तू मान हलवलीस.”

“हो.”

“त्यानंतर मी कधी विचारलं नाही. मुद्दाम नाही विचारलं. परत विचारलं तर तुला वाटलं असतं की मी त्या सीनसाठीच तुझ्याबरोबर…”

“मला तसंही वाटत होतं.”

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

“रोज वाटायचं,” धाकटी म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. “तू विचारायचा नाहीस त्याचाही मला संशय यायचा. वाटायचं, हुशार आहे, विचारत नाही. सांगून टाकावं असं रोज ठरवायचे. पण सांगितल्यावर तू गेला असतास तर? नाही सांगितलं तर निदान असायचास तरी.”

“येत्या आठवड्यात सगळ्या युनिटला सिनेमा दाखवणार आहेत. मला तिथे कळलं असतं. अंधारात, सगळ्यांबरोबर.”

“हो.”

“मग आज इथे कशाला आणलंस मला?”

ती आईकडे, मावशीकडे, ताईकडे बघायचं टाळत बोलली. “ह्या तिघींना कोणाबद्दलही सगळं लगेच कळतं. तू कशासाठी येतोस ते मला एकटीला कळत नव्हतं.”

*

तिघी त्याच्याकडे बघत होत्या. आयुष्यभर ज्या कामाचे पैसे घेतले तेच त्या करत होत्या. थोरली त्याचे हात बघत होती, मावशी त्याचा श्वास ऐकत होती, आणि आई त्याच्या खांद्यांकडे बघत होती. तिघींपैकी एकीलाही काही कळलं नाही. सीन गेल्याचं दुःख आहे की मुलीने संशय घेतल्याचं, राग आहे की सुटका, त्या चेहऱ्यावरून काहीही सांगता आलं नसतं.

तो उठला. खुंटीवरचा कोट स्वतःच काढून घेतला.

“मासे छान झाले होते, काकू,” तो म्हणाला, आणि गेला. दार त्याने हळू लावलं, अगदी कडी नीट बसेल असं.

मुलींचे वडील दार आपटायचे. इतकं सुंदर आपटायचे की शेजारी बाहेर येऊन बघायचे, आणि मग ते जिन्यात थोडे थांबायचे, कोणी आलं तर बघावं म्हणून. हा थांबला नव्हता. पावलं खाली उतरत होती. आईला एकदम फार लाज वाटली. कशाची, हे तिला नीट सांगता आलं नसतं, पण ती मोजपट्टी आणि ती खुर्ची डोळ्यांसमोर आली.

“बसलीस काय?” ती धाकटीला म्हणाली.

“जाऊ दे आई. तुला हेच हवं होतं ना?”

“मला तो वाईट निघायला हवा होता,” आई म्हणाली. “तू नाही.”

धाकटीने एकदा आईकडे बघितलं, मग खुर्ची मागे ढकलली आणि अनवाणीच बाहेर पळाली. दार उघडंच राहिलं.

तिघींनी सभ्यपणाने थोडा वेळ कॉफीचे कप बघितले. मग मावशी उठली, मग थोरली, आणि दोघींच्या मागून आई. उघड्या दाराच्या फटीशी तिघी एकमेकींच्या खांद्यावरून वाकून उभ्या राहिल्या. खालच्या वळणावर तो दिसत नव्हता, पण कोटाचं टोक दिसत होतं. तो पायरीवर बसला असावा. धाकटी त्याच्या वरच्या पायरीवर होती.

“सीन वाईट होता का?” त्याचा आवाज आला.

“सीन चांगला होता. तू वाईट होतास.”

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला.

“फार?”

“फार. तुमचे वडील गेले म्हणून सांगतोस, आणि तोंडावर असा आनंद की जसं बक्षीस मिळालंय.”

मग हसण्यासारखं काहीतरी ऐकू आलं. “मिळालंच होतं. पहिल्यांदा कोणी माझ्यावर कॅमेरा लावला होता. मला आवरेच ना.”

“तेच दिसत होतं.”

“मला ठाऊक होतं. वाईट झाला म्हणून तर दारात येऊन उभा राहिलो. चांगला झाला असता तर कशाला आलो असतो?” तो थांबला. “पण हे तू मला त्याच दिवशी सांगायचं होतंस. मी रडलो असतो आणि घरी गेलो असतो. आता आईला काय सांगू?”

“मी सांगते. मी काढलाय, मीच येऊन सांगते.”

“ती तुला घरात घेणार नाही.”

“नको घेऊ दे. दारात उभी राहीन.”

मावशीने थोरलीच्या दंडाला चिमटा काढला. थोरलीने तिला गप्प बसायची खूण केली. खाली कोट हलला. तो वळून बसला असावा, तिच्याकडे तोंड करून.

“आणि आता?” तो म्हणाला. “सीन गेला. मी अजून इथे बसलोय. आता काय वाटतं तुला? खरं सांग, मान हलवू नकोस.”

मावशीने डोळे मिटले. थोरलीने श्वास धरला. आणि आईने, जिने सकाळपासून याच एका गोष्टीसाठी मासे तळले होते, हात पुढे करून दार लावून घेतलं.

“अगं!” मावशी कुजबुजत ओरडली. “आता तर बोलणार होती ती!”

“बोलू दे,” आई म्हणाली. “त्याने विचारलंय, त्याला सांगेल.”

मावशी दाराला कान लावायला वाकली, तेव्हा आईने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि टेबलावरचे कप गोळा करायला लावलं.